‘पास द डची’ जगाला माहीत आहे, पण ते गाणं मुळात ज्यांचं होतं ते ‘माइटी डायमंड्स’ कोण?

२७ मे २०२२ ला नेटफ्लिक्सवर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन आला. त्यात पिझ्झा पोचवणारा लांब केसांचा आर्गाइल आठवतोय? त्याच्या व्हॅनमध्ये एक गाणं वाजतं, ‘पास द डची’. ज्यांचा जन्मही १९८२ मध्ये झाला नव्हता, त्यांच्या फोनमध्ये त्यानंतर हे गाणं जाऊन बसलं.

गाणं ‘म्युझिकल यूथ’ या बँडचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची पाच शाळकरी मुलं. १९८२ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, अमेरिकेत पहिल्या दहात पोचलं. इंटरनेटवर शोधलं तर इथपर्यंतची माहिती लगेच मिळते.

पण गाणं त्यांचं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी ते जमैकात रेकॉर्ड झालं होतं आणि तेव्हा त्याचं नाव होतं ‘पास द कूची’. गाणारे तिघं होते : टॅबी, बनी आणि जज. गटाचं नाव ‘माइटी डायमंड्स’. हे तिघं १९६९ पासून एकत्र गात होते आणि २०२२ उजाडलं तेव्हाही तेच तिघं होते. एकही गायक बदलला नव्हता. नेटफ्लिक्सचा सीझन आला त्याच्या दोनच महिने आधी, तीन दिवसांच्या अंतराने, त्यातले दोघं गेले. एकाला रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

तिघंच का?

जमैका म्हटलं की आपल्याला बॉब मार्ली आठवतो, तोही टी-शर्टवरचा, एकटा. पण मार्लीही आधी तीन आवाजांच्या गटातच गायचा. मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघं म्हणजे ‘वेलर्स’. त्या काळात जमैकात असे तिघा-तिघांचे गट गल्लोगल्ली होते. अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांचे कार्यक्रम रात्री समुद्र ओलांडून किंग्स्टनमध्ये ऐकू यायचे आणि त्यावर लागणाऱ्या सोल संगीताचं पोरांना वेड होतं. कर्टिस मेफिल्डचा ‘इम्प्रेशन्स’ हा गट त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक होता. एक जण पुढे गाणार, दोघं मागून सूर धरणार.

याला हार्मनी म्हणतात. आपल्याकडच्या कोरसपेक्षा ही गोष्ट वेगळी. कोरसमध्ये बहुतेक वेळा सगळे एकच सूर गातात. हार्मनीत प्रत्येक जण वेगळा सूर गातो आणि ते तीन सूर एकमेकांना बिलगून एकच आवाज वाटावा लागतो. वाद्यं घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांना हे परवडायचं. गळा फुकट होता. सरावाला कोपरा लागायचा, तोही फुकट.

डोनाल्ड शॉ, फिट्झरॉय सिम्पसन आणि लॉइड फर्ग्युसन हे तिघं अशाच सरावातून जमले. ठिकाण किंग्स्टनमधलं ट्रेंचटाउन, म्हणजे मार्लीचीच वस्ती. शॉ म्हणजे टॅबी, सिम्पसन म्हणजे बनी, फर्ग्युसन म्हणजे जज. पुढे तर तिघांनीही आडनावाच्या जागी ‘डायमंड’ लावलं. सुरुवातीचं नाव मात्र ‘लाइमलाइट’ होतं. टॅबीची आई या पोरांना ‘डायमंड्स’ म्हणायला लागली आणि तेच नाव टिकलं, असं सांगितलं जातं.

तिघांत कामं वाटलेली होती. टॅबीचा आवाज मऊ, किंचित दमल्यासारखा, कधीच न ओरडणारा. तो बहुतेक गाण्यांत पुढे असायचा. बनी आणि जज मागे, पण दोघंही गाणी लिहायचे आणि जज अधूनमधून पुढेही यायचा.

पहिली चार वर्षं

या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तो सगळ्यांचा सारखाच जायचा. या निर्मात्याकडे एक गाणं, त्या निर्मात्याकडे दुसरं. स्ट्रेंजर कोल, रुपी एडवर्ड्स, बनी ली, डेरिक हॅरियट अशी बरीच दारं वाजवून झाली. जमैकातला तेव्हाचा रिवाज असा की गायकाला हातावर ठरावीक रक्कम टेकवायची आणि गाण्याची मालकी निर्मात्याकडे राहायची. गाणं चाललं तर निर्माता कमावणार, नाही चाललं तर गायक पुढच्या स्टुडिओच्या रांगेत.

१९७३ मध्ये पॅट फ्रान्सिस ऊर्फ जा लॉइड या निर्मात्यासाठी गायलेलं ‘शेम अँड प्राइड’ चाललं. रस्ता मात्र खऱ्या अर्थाने १९७५ मध्ये मोकळा झाला, तोही मॅक्सफील्ड अव्हेन्यूवर.

मॅक्सफील्ड अव्हेन्यूवरचा स्टुडिओ

तिथे ‘चॅनल वन’ नावाचा स्टुडिओ होता. मालक हू किम बंधू, चिनी वंशाचं जमैकन कुटुंब. आधी त्यांचा धंदा ज्यूकबॉक्सचा आणि जुगाराच्या मशीनचा होता. सरकारने ही मशीन बंद केल्यावर ते संगीतात उतरले. जोसेफ हू किम गाणी काढायचा, भाऊ अर्नेस्ट ध्वनिमुद्रण बघायचा.

या स्टुडिओचं स्वतःचं वादकांचं पथक होतं, ‘रेव्होल्युशनरीज’. त्यात ड्रमवर स्लाय डनबार नावाचा विशीतला पोरगा होता. डायमंड्सच्या गोष्टीत तो मधेच का आला, हे समजून घ्यायचं तर रेगेचा ठेका माहीत हवा.

तोवरच्या रेगेत ‘वन ड्रॉप’ हा ठेका चालायचा. चार मात्रांत पहिली मात्रा जवळजवळ रिकामी सोडायची आणि सगळं वजन तिसरीवर टाकायचं. म्हणून रेगे ऐकताना मागे रेलल्यासारखं वाटतं. स्लायने डायमंड्सच्या ‘राइट टाइम’ या गाण्यात ड्रमच्या कडेवर दुहेरी टकटक सुरू केली. रेललेलं गाणं एकदम चालायला लागलं, संचलन करत असल्यासारखं. स्लायने पुढे मुलाखतीत सांगितलं की गाणं बाहेर आलं तेव्हा हे कुणी हाताने वाजवलंय यावर लोकांचा विश्वासच बसेना. स्टुडिओतली काहीतरी करामत असेल असं वाटायचं. मग गाणं गाजलं आणि किंग्स्टनमधला प्रत्येक ड्रमवाला तेच वाजवायला लागला. या शैलीला ‘रॉकर्स’ म्हणतात आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या रेगेचा मोठा भाग या ठेक्यावर उभा आहे.

गंमत अशी की या कडक ठेक्यावर डायमंड्सचा गळा अगदी मवाळ. तिघांवर फिलाडेल्फियाच्या गुळगुळीत सोल संगीताची छाप होती. ‘स्टायलिस्टिक्स’ या अमेरिकन गटाचं ‘कंट्री लिव्हिंग’ त्यांनी गायलंही होतं. त्यामुळे खाली युद्धाचा ठेका आणि वर अंगाईसारखे तीन आवाज असा प्रकार झाला. इतर गट रागाची गाणी रागाने गायचे, हे तिघं तीच गोष्ट कुजबुजल्यासारखी सांगायचे. ती जास्त बोचायची.

डोक्यावर छप्पर

ही गाणी ‘राइट टाइम’ नावाच्या अल्बममध्ये १९७६ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सने जगभर आणली. रिचर्ड ब्रॅन्सनची ही कंपनी तेव्हा रेगे कलाकारांशी करार करत सुटली होती. मार्लीने दार उघडलं होतं आणि प्रत्येक कंपनीला आपापला मार्ली हवा होता.

१९७६ चं जमैका कसं होतं? जूनमध्ये पंतप्रधान मायकल मॅन्ली यांनी आणीबाणी जाहीर केली. पीएनपी आणि जेएलपी या दोन पक्षांच्या समर्थकांमध्ये किंग्स्टनच्या गल्ल्यांत बंदुका चालत होत्या. डिसेंबरमध्ये खुद्द मार्लीवर त्याच्या घरात घुसून गोळीबार झाला.

आणि घर हा तर थेट राजकारणाचा विषय होता. १९६६ मध्ये पश्चिम किंग्स्टनमधली ‘बॅक-ओ-वॉल’ ही झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली गेली आणि तिथे टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत उभी राहिली. घरं मिळाली ती प्रामुख्याने सत्ताधारी पक्षाच्या माणसांना. पुढे दोन्ही पक्षांनी हेच केलं. वस्ती कुणाची, यावरून मत कुणाला हे ठरायचं आणि चुकीच्या वस्तीत पाय ठेवला तर जीव जायचा. या वसाहतींना तिथे ‘गॅरिसन’ म्हणतात, म्हणजे छावणी.

या पार्श्वभूमीवर ‘आय नीड अ रूफ’ ऐका. डोक्यावर छप्पर हवं, एवढीच मागणी. गाण्यात कुठल्या पक्षाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही. टॅबी ती मागणी इतक्या सौम्यपणे करतो की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. ‘राइट टाइम’मधलं सर्वोत्तम गाणं बरेच जण शीर्षकगीताला म्हणतील, पण आज पन्नास वर्षांनी जास्त खरं वाटतं ते हे.

याच अल्बममध्ये मार्कस गार्वीवरचं गाणंही आहे. गार्वी हा जमैकाचा राष्ट्रीय नायक. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं सांगणारा नेता. जिवंतपणी त्याच्याच लोकांनी त्याला जवळ केलं नाही, ही त्या गाण्याची तक्रार.

व्हर्जिनचा चुकलेला अंदाज

पुढचा अल्बम कसा करायचा, हे ठरवताना घोळ झाला. १९७७ चा ‘आइस ऑन फायर’ अल्बम न्यू ऑर्लीन्सचा दिग्गज निर्माता ॲलन टूसाँ याच्याकडे सोपवला गेला. टूसाँ मोठा माणूस होता, पण अमेरिकन कानांसाठी रेगे गोड करायच्या नादात ना रेगेचे चाहते खूश झाले, ना अमेरिका. डायमंड्स पुन्हा चॅनल वनकडे वळले आणि १९७९ मध्ये ‘डीपर रूट्स’ हा दमदार अल्बम आला. तोवर व्हर्जिनचा रेगेमधला रस ओसरत चालला होता.

‘कूची’ म्हणजे काय आणि ती ‘डची’ कशी झाली?

आता मूळ मुद्द्याकडे.

जमैकात ‘रिडिम’ नावाची एक पद्धत आहे. रिडिम म्हणजे बास आणि ड्रमची तयार चौकट. एकाने बनवलेल्या रिडिमवर दुसरा गातो, दहा वर्षांनी तिसरा गातो, शंभर जणही गातात आणि तिथे याला कुणी चोरी म्हणत नाही. (पैसे कुणाला मिळायचे, यावरून भांडणं मात्र भरपूर झाली.) १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टुडिओ वन’ या स्टुडिओतल्या ‘साउंड डायमेन्शन’ या पथकाने ‘फुल अप’ नावाची एक धून वाजवली होती. तिच्यामागे ऑर्गनवादक जॅकी मिटूचं डोकं होतं. निर्माता गसी क्लार्कने ती चौकट नव्याने वाजवून घेतली आणि त्यावर डायमंड्सने ‘पास द कूची’ गायलं. १९८१ च्या ‘चेंजेस’ या अल्बममध्ये ते आहे.

कूची म्हणजे गांजा ओढायच्या पाण्याच्या चिलमीवर बसवलेलं भांडं, ज्यात गांजा भरतात. चार मित्र बसलेत, चिलीम डावीकडे सरकवा, एवढंच ते गाणं. रास्ताफारी पंथात गांजा हा प्रार्थनेचा भाग मानला जातो, त्यामुळे तिथे हे गाणं आगाऊ वाटत नाही.

आणि हो, जमैकातही त्याला ‘गांजा’च म्हणतात. हा शब्द आपल्याकडचा आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत मजूर हवे होते. १८४५ मध्ये ‘ब्लंडेल हंटर’ नावाचं जहाज भारतीय मजुरांना घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत असे ३६ हजारांहून अधिक मजूर तिथे गेले, बहुतेक उत्तर भारतातले. त्यांच्यासोबत हा शब्द आणि चिलीमही गेली. दोन्ही तिथलीच होऊन गेली.

तर १९८२ मध्ये बर्मिंगहॅममधल्या पोरांना हे गाणं गायचं होतं. अडचण उघड आहे. शाळकरी मुलांच्या तोंडी गांजाचं गाणं रेडिओवर कसं लागणार? मग ‘कूची’ची ‘डची’ झाली. डची म्हणजे जमैकन स्वयंपाकघरातलं जाड बुडाचं पातेलं, डच पॉट. मूळ गाण्यात प्रश्न होता की गांजा नसला की कसं वाटतं. तिथे आता अन्न आलं. सुरुवातीचा जोशातला तुकडा यू ब्राउन या जमैकन कलाकाराच्या दुसऱ्याच गाण्यातून घेतला गेला.

हा बदल हुशारीचा होता, हे मान्य करायला हवं. नशेचं गाणं एका शब्दाने भुकेचं गाणं झालं. पण बहुतेक ऐकणाऱ्यांना डची म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यामुळे पुढे कित्येकांनी ‘डची’ हा गांजाचाच शब्द असणार असं धरून चाललं आणि फिरून तो अर्थ त्याला चिकटला. ज्या शब्दाने गाणं सोवळं केलं, तोच शेवटी ओवळा झाला.

‘पास द डची’च्या गीतकारांत जॅकी मिटूसोबत लॉइड फर्ग्युसन आणि फिट्झरॉय सिम्पसन ही नावं आहेत, म्हणजे जज आणि बनी. मूळ गाण्यात पुढे राहून जो आवाज सगळ्यांनी ऐकला, त्या टॅबीचं नाव त्यात नाही. गाणं लिहिणं वेगळं आणि गाणं वेगळं, हा हिशोब कायद्याने बरोबर आहे.

बाकीचे गट फुटले

याच काळात आजूबाजूला बघितलं तर डायमंड्सचं वेगळेपण दिसतं. वेलर्स त्रिकूट १९७४ मध्येच मोडलं होतं. ‘बर्निंग स्पिअर’ आधी तिघांचा गट होता, मग ते एकाच माणसाचं नाव झालं. ‘हेप्टोन्स’मधून मुख्य गायक लेरॉय सिबल्स सत्तरच्या दशकातच बाहेर पडला. ‘ब्लॅक उहुरू’ने तर पुढे गाणारा माणूस इतक्यांदा बदलला की चाहतेही मोजायचे थांबले. कारणं तीच : पैसा, आणि कंपन्यांना हवा असलेला एक चेहरा.

डायमंड्सना कुणी एक चेहरा बनवू शकलं नाही. टॅबीला एकट्याला उचलून स्टार करायचं तर त्याचा आवाज मागच्या दोघांशिवाय अर्धा वाटायचा. जागतिक यश त्यांना मिळालं नाही आणि फुटण्याइतके पैसेही आले नाहीत, असंही म्हणता येईल. पण पैसे नसताना फुटलेले गटही ढिगाने आहेत.

१९८५ मध्ये ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे संगणकीय ठेक्याचं गाणं आलं आणि जमैकन संगीताची हवा पालटली. कीबोर्डवर रिडिम बनू लागला, गाण्यापेक्षा वेगात बोलणारे डीजे पुढे आले. तीन सूर जुळवत बसायला कुणाला वेळ उरला नाही. डायमंड्सनी गसी क्लार्कच्या नव्या डिजिटल ठेक्यांवरही गाऊन पाहिलं आणि १९८७ मधला त्यांचा ‘द रिअल एनिमी’ अल्बम बरा जमलेला आहे. पण पोट मुख्यतः दौऱ्यांवर चाललं. युरोप, अमेरिका, उन्हाळ्यातले रेगे महोत्सव, तीच गाणी, तेच तिघं. असं तीस-पस्तीस वर्षं. मोठी बातमी व्हावी असं त्यात काही घडलं नाही.

मार्च २०२२

२०२१ मध्ये जमैका सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा सन्मान दिला. पहिल्या सरावानंतर बावन्न वर्षांनी.

२९ मार्च २०२२, मंगळवारची रात्र. किंग्स्टनमध्ये मॅककिन्ली क्रेसेंट या रस्त्यावर एका गाडीतून गोळीबार झाला. पाच जणांना गोळ्या लागल्या, दोघं गेले. त्यातला एक टॅबी डायमंड. वय साठीच्या पुढे. पोलिसांनी हा टोळीयुद्धातला सूडाचा प्रकार असल्याचं म्हटलं. टॅबी स्वतः कुठल्याही टोळीत नव्हता.

बनी बराच काळ आजारी होता. १ एप्रिलला, शुक्रवारी, तोही गेला. टॅबीला जाऊन तीन दिवस झाले होते.

तिघांच्या हार्मनीत जज एकटा उरला. त्यानंतर आठ आठवड्यांनी आर्गाइलच्या व्हॅनमध्ये ते गाणं लागलं. पोरांच्या आवाजातलं, पातेल्याचं.

मूळ गाणं ऐकायचं असेल तर ‘पास द कूची’ शोधा, ‘चेंजेस’ अल्बममधलं. ठेका ‘डची’पेक्षा संथ वाटेल. आणि त्यानंतर ‘राइट टाइम’ लावलंत, तर हेडफोन लावून ऐका. टॅबी गात असताना मागे दोन आवाज आहेत आणि दोन्हींचे सूर वेगळे आहेत. पहिल्यांदा ऐकताना ते एकच वाटतात.